अनंत फंदीची चाल : एका विस्मृत संगीताची साधने

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शाहिरांपैकी अनंत फंदी ह्याचे नाव मराठी वाचकास शालेय वयापासून परिचित असते. त्याचा उपदेशपर फटका अनेक पिढ्यांनी क्रमिक पुस्तकांतून पाठ केला आहे. परंतु हा परिचय एका नीतिकवीचा परिचय आहे. चव्हाट्यावर आणि देवळापुढील पटांगणात, डफ-तुणतुण्याच्या साथीने, जमलेल्या समुदायापुढे उभा राहून गाणारा जो फंदी, तो ह्या परिचयात कोठेही आढळत नाही. वाङ्मयेतिहासाने त्याचे शब्द जतन केले आणि त्याची चाल वाऱ्यावर सोडली. शाहिराच्या बाबतीत ही उणीव लहान नव्हे, कारण शाहिराचे कवन मुळातच गाण्यासाठी जन्माला येते. चालीवाचून त्याचा विचार करणे म्हणजे नाटकाचा विचार रंगभूमीवाचून करण्यासारखे आहे.

हे संगीत आज कितपत हाती लागू शकते आणि त्यासाठी भाषाभ्यासकाजवळ कोणती साधने आहेत, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. नाव आणि माणूस

अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. त्याचे उपनाव घोलप. संगमनेर हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ‘फंदी’ हे त्याचे कुलनाम नव्हे. परंपरा अशी सांगते की, संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर राहत असे. त्याचे वागणे चमत्कारिक, म्हणून लोक त्याला फंदी म्हणत. अनंताचा त्याच्याशी दाट स्नेह जडला आणि फकिराचे विशेषण ह्या ब्राह्मण कवीलाही येऊन चिकटले.

मराठीत ‘फंद’ हा शब्द सरळ अर्थाने क्वचितच येतो. नसता उद्योग, गुंतागुंत, कपट, अनावर नाद अशा त्याच्या छटा आहेत. ‘नसत्या फंदात पडू नये’ असे वडीलधारी माणसे आजही सांगतात. ‘छंदीफंदी’ ह्या जोडशब्दात तर छंद आणि फंद एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यातील ‘छंद’ म्हणजे नाद, लहर, आणि हाच शब्द पद्याच्या मापासाठीही वापरला जातो. गावाने थट्टेने दिलेले नाव ह्या कवीने आयुष्यभर मिरविले, एवढ्यावरूनही त्याच्या वृत्तीची कल्पना येते. ब्राह्मण कुळात जन्मून त्याने फकिराची संगत धरली आणि तमाशाचा फड उभा केला. त्या काळाच्या रूढ मर्यादांना हे सर्वस्वी सोडून होते.

पुढे त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. अहिल्याबाई होळकर ह्यांच्या उपदेशावरून त्याने तमाशा सोडला व कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हे ह्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात येते. १७९५ च्या मार्चमध्ये मराठे व निजाम ह्यांच्यात जेथे लढाई झाली, ते खर्डेही त्याच तालुक्यातील, आणि त्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे. ह्याखेरीज सवाई माधवरावाच्या जीवनावरील ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य त्याने रचले. लावणी, पोवाडा, फटका आणि ओवी एवढा त्याचा पल्ला आहे. फटका ह्या रचनाप्रकाराचा तर तो जनकच मानला जातो.

संगीताच्या दृष्टीने ह्या चरित्रातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने पाहिलेली दोन व्यासपीठे. तमाशाच्या फडात ढोलकी, डफ, तुणतुणे, कडे आणि मागे उभे राहून सूर धरणारे झीलकरी असतात. कीर्तनात वीणा, मृदंग व झांजा असतात, आणि मध्यभागी एकटा बुवा. एकाच रचनाकाराचे शब्द ह्या दोन अगदी भिन्न ध्वनिविश्वांतून गेलेले आहेत. त्यामुळे ‘फंदीची चाल’ असे म्हणताना एकच एक ठरीव चाल गृहीत धरणे योग्य होणार नाही.

२. संग्रहांनी काय राखले

शाहिरी कवनांच्या संकलनाचे पहिले मोठे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांचा ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला आणि १८९४ मध्ये ॲक्वर्थ ह्यांनी निवडक पोवाड्यांची इंग्रजी पद्यरूपांतरे प्रसिद्ध केली. पुढे यशवंत नरसिंह केळकर ह्यांनी १९२८ मध्ये ‘ऐतिहासिक पोवाडे’ प्रकाशित करून ह्या कामाला इतिहाससंशोधनाची शिस्त लावली. ह्या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांनी ही बाडे व ही तोंडी परंपरा वेळीच गाठली नसती, तर शब्दही उरले नसते.

परंतु त्यांचा हेतू ऐतिहासिक वा वाङ्मयीन होता. पोवाड्यात कोणत्या सरदाराचे नाव येते, कोणती तिथी येते, भाषा कशी आहे, ह्याकडे त्यांचे लक्ष होते. चालीची नोंद करण्याचे साधनही तेव्हा सहज उपलब्ध नव्हते. विष्णु दिगंबर पलुस्कर व विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या स्वरलेखनपद्धती रूढ झाल्या त्या विसाव्या शतकात. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये, म्हणजे फंदीच्या मृत्यूनंतर ८३ वर्षांनी, आणि तेही प्रथम नामांकित गायक-गायिकांच्या ख्यालठुमरीसाठी. चव्हाट्यावरच्या गाण्याकडे यंत्राचे लक्ष जाण्यास बराच काळ लोटला.

मराठी छापील पद्यात चालीची नोंद करण्याची एक देशी रीत मात्र होती. पद्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्या एखाद्या परिचित गाण्याचा आरंभ द्यावयाचा, ही ती रीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) सारख्या नाटकांच्या पुस्तकांत ती सर्वत्र आढळते. इंग्लंडात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पत्रकांवरही अशाच सूचना छापत असत. ह्या रीतीत स्वर लिहिलेले नसतात. वाचकाला दुसरे गाणे येते, ह्या विश्वासावर ती उभी असते. तो विश्वास संपला, म्हणजे ते दुसरे गाणे विसरले गेले, की सूचना मुकी होते. तथापि तिच्यातून एक तत्त्व निश्चित हाती लागते. चाल ही एका गाण्याची खाजगी मालमत्ता नव्हती. ती एक साचा होती, आणि समान मापाची अनेक कवने त्या साच्यात ओतली जात. म्हणूनच मापाचा अभ्यास हा चालीच्या शोधाचा पहिला टप्पा ठरतो.

चालीचे लेखन झाले असते तर काय घडले असते, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर ‘मूनडॉग’ ह्या नावाने वावरणारा लुई टॉमस हार्डिन (१९१६–१९९९) हा अंध रचनाकार अनेक वर्षे प्राचीन नॉर्स योद्ध्याचा वेष करून पदपथावर उभा असे. येणारे-जाणारे त्याला विक्षिप्त समजत. परंतु तो आपले संगीत ब्रेल लिपीत लिहून ठेवीत असे. त्यामुळे १९६९ मध्ये त्याच्या रचना वाद्यवृंदाकडून वाजविल्या जाऊन ध्वनिमुद्रित होऊ शकल्या आणि आज त्या कोणालाही वाजविता येतात. रस्त्यावरचा रचनाकार आपल्या हयातीत उपेक्षित राहणे नवलाचे नाही. त्याची उपेक्षा पुढे भरून निघते की कायमची होते, हे मात्र बव्हंशी लेखनावर अवलंबून असते. फंदीच्या बाबतीत स्वरांचे लेखन नाही, पण अक्षरे आहेत. त्या अक्षरांतून किती ऐकू येते ते आता पाहावे.

३. अक्षरांतील ताल

माधवराव पटवर्धन ह्यांनी ‘छन्दोरचना’ ह्या ग्रंथात मराठी जातिरचनेची मांडणी आवर्तनाच्या तत्त्वावर केली. ठराविक मात्रांचा एक गट पुनःपुन्हा फिरत राहतो आणि त्यावर ओळ चालते. आठ मात्रांच्या आवर्तनाला त्यांनी पद्मावर्तन म्हटले आहे. फंदीच्या सुप्रसिद्ध फटक्याची ओळ मोजली असता तिच्यात तीस मात्रा भरतात आणि सोळाव्या मात्रेनंतर स्पष्ट यती येतो. तीस ही संख्या आठाच्या पाढ्यात बसत नाही. आठ, आठ, आठ आणि सहा अशी तिची विभागणी होते. म्हणजे चौथे आवर्तन दोन मात्रांनी अपुरे राहते.

वाचनात ह्या दोन मात्रांचे अस्तित्व जाणवत नाही, गायनात मात्र ते टाळता येत नाही. ढोलकीचा ठेका आठाचा असेल, तर गायकाचे शब्द संपल्यावरही दोन मात्रा शिल्लक राहतात. त्या अवकाशात काहीतरी घडावे लागते. झीलकऱ्यांनी सूर उचलावा, तुणतुणे एकटे ऐकू यावे, ढोलकीने तुकडा घ्यावा, किंवा गायकाने शेवटचा दीर्घ स्वर लांबवावा. ह्यांपैकी कोणती गोष्ट होत असे हे अक्षरे सांगत नाहीत. तेथे जागा राखून ठेवलेली आहे, एवढे ती निश्चित सांगतात. पुस्तकातील पूर्णविरामाच्या दंडाने ही जागा बुजवून टाकली आहे.

दुसरा पुरावा ओळीच्या आतील आहे. त्याच फटक्याच्या पहिल्या ओळीत ‘वहिवाट’ हा शब्द येतो. मात्रा मोजल्यास त्याची पहिली दोन अक्षरे पहिल्या आवर्तनाच्या शेवटी पडतात आणि ‘वाट’ हा अंश दुसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर येतो. शब्द असा आवर्तनाची सीमा ओलांडतो, तेव्हा गाणे पुढे ढकलले जाते, कारण श्वास घेण्यास तेथे मोकळीक नसते. गायकाला सोळाव्या मात्रेच्या यतीपर्यंत एका दमात जावे लागते. फटका ऐकताना जो चाबकाचा वेग जाणवतो त्याचे एक कारण ह्या बांधणीत आहे.

४. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न

तिसरा पुरावा भाषाशास्त्रदृष्ट्या सर्वांत उद्‌बोधक आहे. फटक्याच्या ओळींचा शेवट निषेधार्थक आज्ञेने होतो. ‘मोडू नको’, ‘करू नको’ ह्या धर्तीची क्रियापदे तेथे येतात. शेवटच्या गटात सहा मात्रा हव्या आहेत. ‘करू नको’ ह्यात क-ची एक, रू-च्या दोन, न-ची एक व को-च्या दोन अशा सहा मात्रा सरळ भरतात. परंतु ‘मोडू नको’ हे जसे आज लिहिले जाते तसे मोजल्यास मो-च्या दोन, डू-च्या दोन, न-ची एक व को-च्या दोन, अशा सात मात्रा होतात. माप राखावयाचे तर ‘डू’ ऱ्हस्व उच्चारला पाहिजे. सारांश, एकच प्रत्यय एका क्रियापदात दीर्घ आणि दुसऱ्यात ऱ्हस्व गावा लागतो. धातूचे पहिले अक्षर लघू असेल तर प्रत्यय गुरू होतो आणि ते गुरू असेल तर प्रत्यय लघू होतो.

शुद्धलेखनाच्या दृष्टीने ही कवीची ओढाताण वाटेल. वस्तुतः तसे नाही. मराठी बोलीत अंत्य इकार-उकारांच्या ऱ्हस्वदीर्घत्वाने अर्थभेद होत नाही. त्यांची लांबी शब्दातील स्थानावर आणि बोलण्याच्या लयीवर अवलंबून राहते. अंत्य उकार दीर्घ लिहिण्याचा नियम लेखनाचा आहे, कानाचा नाही. ज्या मोडी लिपीत त्या काळचा बहुतेक व्यवहार चाले, तिच्यातही हा भेद पाळला जात नसे. फंदीने बोलीतील ही लवचीकता हेरून तिचा लयीसाठी उपयोग केला. छापील प्रतीने सर्व उकार एकसारखे दीर्घ केले तेव्हा लेखन शुद्ध झाले, पण लय दडली. अशा ठिकाणी संपादकाने लिपीवर विसंबण्याऐवजी मापावर विसंबणे अधिक शास्त्रीय ठरेल.

अंत्य अकाराचीही अशीच कथा आहे. बोलताना ‘वाट’ हा शब्द एकाक्षरी होतो, शेवटचा अ उच्चारला जात नाही. पद्यात मात्र त्याच्या तीन मात्रा धराव्या लागतात. गायक हे दोन प्रकारे साधू शकतो. एक तर तो ‘ट’ मधील अकार स्पष्ट उच्चारतो, अन्यथा ‘वा’ तीन मात्रांपर्यंत ओढून त्यावर ‘ट्’ चा आघात करतो. पहिल्या पद्धतीने गाणे कीर्तनाकडे झुकते, तर दुसरीने त्याला डफाचा ठसका येतो. एकाच मापात बसणाऱ्या ह्या दोन उच्चारपद्धतींचा फंदीने पाहिलेल्या दोन व्यासपीठांशी संबंध असण्याचा संभव आहे. तो प्रत्यक्ष गायकांच्या उच्चारावरून तपासता येण्याजोगा आहे.

५. मापाच्या मर्यादा

ह्या विवेचनाचा अतिरेक होऊ नये म्हणून एक सावधगिरी आवश्यक आहे. छंद आणि ताल ह्या एकच वस्तू नव्हेत. आठ मात्रांची ओळ गायक अक्षरे लांबवून सहा मात्रांच्या ठेक्यावरही बसवू शकतो. म. वा. धोंड ह्यांनी ‘मऱ्हाटी लावणी’ (१९५६) ह्या ग्रंथाद्वारे ज्या काव्यप्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्याचा विचार गायनाला वगळून पुरा होत नाही, हेही विसरता येत नाही. छंद चालीची कमाल मर्यादा आखून देतो, त्या मर्यादेच्या आत निवड गायकाची असते. आणि स्वर, म्हणजे गाणे कोठे चढते व कोठे उतरते, ह्याविषयी अक्षरे जवळजवळ मूक असतात. तेथे जिवंत गळ्याशिवाय दुसरे साधन नाही.

परंतु जिवंत गळ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) ह्या चित्रपटांनी राम जोशी व होनाजी ह्या शाहिरांना घराघरांत पोहोचविले. दोन्हींचे संगीतकार वसंत देसाई. ह्या चाली इतक्या समर्थ होत्या की, त्याच मूळच्या होत असे पुढील पिढ्यांना वाटू लागले. त्यानंतर खेड्यातील गायकाकडून ह्या शाहिरांच्या रचना ऐकताना चित्रपटापूर्वीचा थर वेगळा काढणे दुष्कर झाले आहे.

अनंत फंदीच्या वाट्याला अशी लोकप्रियता आली नाही. संगमनेरात त्याच्या नावाने व्याख्यानमाला चालते, म्हणजे त्याचे स्मरण बोलण्यातून होते, गाण्यातून नव्हे. संशोधकाच्या दृष्टीने ह्या उपेक्षेत एक लाभ दडलेला आहे. त्याच्या चालींवर चित्रपटसंगीताचा जाड लेप चढलेला नाही. जे काही उरले असेल ते तुलनेने उघडे आहे. मात्र ते फार थोड्या लोकांपाशी उरलेले असणार.

६. संकलनाची दिशा

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रकारच्या व्यक्तींकडे जावे. पहिले, संगमनेर, अकोले, पारनेर, जामखेड ह्या भागांतील वृद्ध शाहीर व तमाशातील जुने झीलकरी. दुसरे, परंपरेने कीर्तन करणारी घराणी. तिसरे, ज्यांनी प्राथमिक शाळेत हा फटका चालीवर शिकविला किंवा चालीवर पाठ केला अशी वयोवृद्ध माणसे. हा तिसरा वर्ग सहसा दुर्लक्षिला जातो. परंतु गावातील मास्तर आपल्या ऐकण्यातलीच चाल वर्गात आणीत, आणि बालपणी पाठ झालेली चाल उतारवयात सहसा पुसली जात नाही.

गाण्याचे ध्वनिमुद्रण करावे, केवळ पठणाचे नव्हे. शक्य तेथे वाद्यासह व वाद्यावाचून असे दोनदा करावे. पाठ छापील प्रतीहून वेगळा आला तर गायकाला दुरुस्त करू नये, कारण ती ‘चूक’ हाच पुष्कळदा पुरावा असतो. ओळीच्या शेवटी उरणाऱ्या दोन मात्रांत गायक काय करतो, ‘मोडू’सारख्या रूपांतील उकार तो किती लांबवितो, ‘वाट’सारख्या शब्दाचा शेवट कसा उच्चारतो, ह्या तीन गोष्टींची स्वतंत्र नोंद घ्यावी. आणि गायकाने ती चाल कोणाकडून, कोठे व सुमारे कोणत्या वर्षी घेतली हे न विसरता विचारावे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन गायकांत जे समान आढळेल, त्याला जुनेपणाचा काही दावा सांगता येईल. हे साम्य पाठ्यपुस्तकातून किंवा आकाशवाणीवरून आलेले नाही, ही खात्री मात्र आधी करून घ्यावी लागेल.

बोलीचे नमुने गोळा करण्याची शिस्त विद्यापीठांतील भाषाभ्यासाने आत्मसात केली आहे. तीच शिस्त चालीला लावावयाची आहे. मराठीत ‘चाल’ ह्या शब्दाला गती, रीत आणि गाण्याची धाटणी असे तिन्ही अर्थ आहेत. फंदीच्या फटक्यातून शाळेने फक्त रीत उचलली. उरलेले दोन अर्थ ज्यांच्या कंठात अद्याप आहेत ती माणसे आज वयाच्या उत्तरार्धात आहेत. संग्राहकांनी एकोणिसाव्या शतकात शब्द वेळीच गाठले, तशी चाल वेळीच गाठली जाईल की नाही, हे येत्या थोड्या वर्षांतच ठरणार आहे.